दुर्वाची सहामाही

आश्विन लागला की बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडू लागतं. सगळं एकदम नाही. हळवं भात आधी तयार होतं, गरवं मागे राहतं. त्यामुळे एक खाचर कापणीला आलेलं आणि त्याला लागून असलेलं अजून हिरवंगार, असं ठिगळांचं शिवार दिसतं. सकाळी बांधावरच्या गवताला इतकं दव असतं की चप्पल भिजते आणि दुपारी तेच गवत पायाला टोचतं. वाळत्या चिखलाचा, कापलेल्या पेंढ्याचा आणि कुठल्यातरी रानफुलाचा मिळून एक वास येतो. त्याच दिवसांत गावातल्या शाळांच्या सहामाही परीक्षा असतात. अकरा वाजता पोरं पेपर देऊन घरी निघतात, छातीशी पॅड धरलेलं असतं आणि एकमेकांना उत्तरं विचारत, भांडत ती रस्त्याच्या कडेने चालतात. मी स्कूटर हळू करते. दरवर्षी करते. हॉर्न वाजवायचं जिवावर येतं.

मी नर्स आहे. वीस वर्षं वॉर्डात काढली आणि गेली काही वर्षं घरोघर जाते. ज्या मुलांचा आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, त्यांच्या घरी. उल्हासनगरच्या 'कॅम्प' म्हणतात त्या वस्त्यांमधल्या अरुंद जिन्यांवरून, अंबरनाथच्या चाळींतून, बदलापूरच्या नव्या उंच इमारतींच्या लिफ्टमधून आणि बारवीच्या अंगाच्या पाड्यांवर. लोक विचारतात, बरं करता येत नाही तर मग जाऊन करता काय? पूर्वी मी लांबलचक उत्तर द्यायचे. औषधं, जखमांची काळजी, श्वासाचा त्रास, आईवडिलांशी बोलणं. आता एवढंच सांगते की दुखू देत नाही. तेही पूर्ण खरं नाही, हे मला दुर्वाने शिकवलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुर्वा दहा वर्षांची होती, पाचवीत. बारवीच्या रस्त्याला लागून असलेल्या एका लहान गावात तिचं घर. वडील संतोष आनंदनगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला, आई वैशाली घर आणि शेत सांभाळणारी, आणि आजोबा, ज्यांची दीड एकर भातशेती होती आणि एक म्हैस. आदल्या वर्षी दुर्वाच्या गुडघ्यापाशी सूज आली, ती हाडाच्या कॅन्सरची निघाली. मुंबईला उपचार झाले, डावा पाय मांडीपासून काढावा लागला, केस गेले आणि पुन्हा आले, आणि जूनमध्ये कळलं की आजार फुप्फुसांत आणि पाठीच्या मणक्यात पसरलाय. डॉक्टरांनी आईवडिलांना बसवून सांगितलं की आता आणखी उपचारांनी तिला त्रासच होईल. ते तिला घरी घेऊन आले.

माझी पहिली भेट गणपती गेल्यानंतरची. संतोष मला ओटीच्या खाली, चपला काढायच्या जागीच भेटला. आत जायच्या आधी एक सांगायचंय म्हणाला. पंचविशीतला वाटेल असा चेहरा, पण डोळ्यांखाली काळं.

"सिस्टर, तिला काय माहीत नाही. माहीत पडायला नको."

हे मला नवं नव्हतं. जवळजवळ प्रत्येक दारात कुणीतरी मला असं थांबवतं. मी त्याला म्हटलं, मी आपणहून काही बोलणार नाही. पण तिने मला सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही. तो म्हणाला, ती नाही विचारणार. मग बाजूला झाला.

आत खिडकीपाशी लोखंडी खाटेवर दुर्वा कुशीवर झोपली होती, गुडघा पोटाशी घेऊन. बारीक केस उभे राहिलेले. तिच्या कपाळावर घाम होता आणि ओठ घट्ट मिटलेले. लहान मुलांना दुखणं सांगता यावं म्हणून आमच्याकडे चेहऱ्यांचा एक तक्ता असतो, हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत. मी तो काढला. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, हे बालवाडीचं आहे. मला मार्क द्यायला सांगा. मी विचारलं, दहापैकी किती दुखतंय? तिने विचार करून सांगितलं, आठ. वैशाली दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, कारण पोर तिला रोज 'थोडंच दुखतंय' म्हणून सांगत होती.

डॉक्टरांशी बोलून मॉर्फिन सुरू केलं. तोंडाने घ्यायचं औषध, दर चार तासांनी. आजोबांना ते पटलं नाही. बाटली हातात घेऊन त्यांनी ती उजेडात धरली.

"ही अफूच ना वो? पोरीला सवय लागंल."

मी त्यांच्याजवळ बसले. दुखण्यासाठी मोजून घेतलेलं औषध आणि नशा यांतला फरक सांगितला. त्यांनी मान हलवली नाही, वादही घातला नाही. उठून म्हशीकडे गेले. पण तिसऱ्या दिवशी दुर्वाने भाकरी मागितली, सुकटाची चटणी मागितली, आणि खाऊन झाल्यावर भिंतीला टेकून बसून म्हशीला नावाने हाका मारल्या. त्या दिवसापासून औषधाची वेळ आजोबांनी आपल्याकडे घेतली. फोनवर गजर लावायला त्यांनी संतोषकडून शिकून घेतलं. गजर वाजला की शेतातून, गोठ्यातून, असतील तिथून हात धुऊन ते बाटली घेऊन हजर. थेंब सांडू नये म्हणून श्वास रोखून मापात ओतायचे. दुर्वा त्यांना 'कंपाउंडर' म्हणायची.

दुखणं कमी झालं की माणूस पुन्हा स्वतःसारखा होतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. म्हातारी माणसं चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुर करू लागतात. एका मुलाने टीव्हीच्या रिमोटवरून आईशी भांडण काढलं होतं आणि आई ते भांडण ऐकून रडली होती, आनंदाने. दुर्वाने दुखणं आठावरून तिनावर आल्यावर दप्तर मागितलं. सहामाही तीन आठवड्यांवर आली होती आणि तिला परीक्षा द्यायची होती.

घरात कुणाला हे समजेना. वैशाली म्हणाली, आता कसला अभ्यास, तिला आराम करू द्या. संतोषला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. शेजारच्या मैत्रिणीच्या वह्या मागवून घेतल्या, उताणी झोपून छातीवर वही धरून वाचायची. हात भरून आला की वही तोंडावर पडायची, तशीच थोडा वेळ वहीखाली पडून राहायची आणि पुन्हा उचलायची. मी एकदा विचारलं की परीक्षा कशाला हवी. ती म्हणाली, कारण सगळ्यांची आहे.

तेव्हा मी तिच्या शाळेत गेले आणि गायकर सरांना भेटले. गावातली जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, अर्धा मार्क जास्त न देण्याबद्दल पंचक्रोशीत बदनाम. संतोषलाही त्यांनीच शिकवलेलं. सर त्याच संध्याकाळी माझ्याबरोबर आले. दुर्वाच्या डोक्यावर हात ठेवला, चहा घेतला आणि ओटीवर येऊन संतोषला हलक्या आवाजात म्हणाले की पोरीला त्रास देऊ नका, मी सगळ्या विषयांचे गुण भरून टाकतो, चांगले भरतो, प्रगतिपुस्तक घरी पाठवतो. तिला बरं वाटेल. एवढा कडक माणूस, आणि बोलताना त्यांचा आवाज फाटला होता.

खिडकी उघडी होती. आतून दुर्वाने हाक मारली, "सर." आम्ही तिघंही आत गेलो. वैशाली चुलीपाशी होती, ती वळली.

"मला सगळे खोटंच सांगतात. तुम्ही तरी पेपर खरे तपासा."

ती रडत नव्हती. रागावलेलीही नव्हती. कुणीतरी दार लावायला विसरलं आहे हे सांगावं तसं म्हणाली. संतोष खाली बघत राहिला, मग दोन पावलं मागे गेला आणि बाहेर निघून गेला. त्याची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. गायकर सर खाटेच्या कडेवर बसले.  मग शाळेतल्या आवाजात म्हणाले, वेळापत्रक उद्या पाठवतो. पेपर वेळेवर सुरू होईल. कॉपी चालणार नाही.

लिहायचं कसं, हा प्रश्न होता. तिला दहा मिनिटांहून जास्त बसता येत नव्हतं. रुग्णालयात मिळतात ती टेबलं खाटेला बसत नव्हती. मी उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये गेले. तिथे फर्निचरच्या दुकानांच्या मागे लहान लहान कारखाने आहेत, लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल यांचा वास, वर्षानुवर्षं तोच. एका ओळखीच्या सिंधी दुकानदाराला मी कागदावर आकृती काढून दाखवली. कुशीवर झोपलेल्या मुलीच्या समोर तिरका उभा राहील असा फळा हवा, कागद घसरू नये म्हणून खाली पट्टी. त्यांनी विचारलं, बच्ची की उमर क्या है, किती उंची. मी सांगितलं. मग त्यांनी स्वतः कारागिराच्या बाकावर, भुशात, कुशीवर आडवं होऊन हात समोर धरला. साठीचा जाडजूड माणूस. हात किती वर येतो ते कारागिराला टेपने मोजायला लावलं. कोपरे गोल करा म्हणाले, पोरीला लागायला नको. दोन तासांत फळा तयार झाला. फळा मी स्कूटरवर पायांपाशी ठेवून आणला.

दुर्वाच्या त्या वाक्यानंतर संतोष दोन दिवस घरात फक्त झोपायला होता. ओव्हरटाइम घेत होता. तिसऱ्या दिवशी तो मला अंबरनाथला रस्त्यात भेटला, चहाच्या टपरीपाशी. मुद्दाम थांबला असावा. त्याने विचारलं की तिला कुणी सांगितलं. मी म्हटलं, मी नाही, वैशालीनेही नाही. मुलांना कुणी सांगावं लागत नाही. घरातली माणसं बोलता बोलता थांबतात, ते त्यांना ऐकू येतं. त्याने चहा तसाच ठेवला. मग एकदम म्हणाला, "माझ्या कामाच्या कपड्यांमुळे झालं का हे? मी ते घालूनच तिला उचलायचो." डॉक्टरांनी त्याला दहा वेळा सांगितलं असणार की यात कुणाचा दोष नसतो. मी अकराव्यांदा सांगितलं. बाप हे ऐकतो आणि विश्वास ठेवत नाही, हेही मला माहीत होतं. निघताना त्याने विचारलं, सांगायचं तर कसं सांगतात? मी म्हटलं, ती विचारेल तेवढंच. आणि तिच्याजवळ बसून, उभ्याने नाही.

पहिला पेपर मराठीचा. मी औषधाची वेळ अर्धा तास आधी धरली होती, म्हणजे लिहिताना दुखणं कमीत कमी राहील. गायकर सरांचा वर्ग त्या वेळी दुसऱ्या शिक्षिकेने सांभाळला. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, सीलबंद पाकीट तिच्यासमोर फाडलं. वैशालीला बाहेर काढलं, आजोबांनाही. मला बसू दिलं, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. अंगणापलीकडच्या खळ्यात भात झोडत होते. पेंढी फळीवर आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता आणि त्या लयीत दुर्वाची पेन्सिल चालत होती.

निबंधाला तीन विषय होते, त्यांतला पहिला होता 'मी मोठेपणी कोण होणार'. पेपर केंद्रातल्या सगळ्या शाळांचा एकच असल्याने सरांना आधी माहीत नव्हता. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. दुर्वाने तिन्ही विषय वाचले. पट्टी मागितली आणि पहिल्या विषयावर एक सरळ रेघ मारली. मग 'माझा आवडता प्राणी' घेतला आणि म्हशीवर लिहिलं. आमची म्हैस कुणाचं ऐकत नाही म्हणून ती मला आवडते, अशी सुरुवात होती. एवढं मला खाटेच्या पायथ्यावरून वाचता आलं, मग डोळ्यांनी दगा दिला.

गणिताच्या दिवशी हातात बळ नव्हतं. नियमानुसार तिने सांगायचं आणि सरांनी लिहायचं असं ठरलं. एका उदाहरणात ती म्हणाली, सात आठे चोपन्न. सरांचं पेन थांबलं.  मला खोकावंसं वाटलं, काहीही करून तिचं लक्ष वेधावंसं वाटलं. सरांनी चष्मा सारखा केला आणि चोपन्न लिहिलं. मी त्या माणसाचा तेव्हा राग केला. नंतर कळलं, की त्या घरात गेल्या कित्येक महिन्यांत तिला मिळालेला तो सगळ्यात मोठा मान होता.

पुढचा दिवस रविवार होता. मी सकाळी गेले तर खाट रिकामी.  वैशालीने हाताने शेताकडे दाखवलं. संतोषने तिला पाठुंगळी घेऊन हळव्या भाताच्या बांधावर नेलं होतं. कापलेल्या खाचरात गोधडी अंथरली होती आणि ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. मी जवळ गेले नाही. घराच्या पायरीवर बसून राहिले. लांबून फक्त त्याची पाठ दिसत होती. ती एकदा हलली, मग बराच वेळ हलत राहिली आणि एक बारीक हात वर येऊन त्याच्या मानेवर थांबला.

परत आल्यावर त्याने मला थोडक्यात सांगितलं. तिने विचारलं होतं, मी बरी नाही होणार ना? तो म्हणाला, नाही, बाळा. मग तिने विचारलं, पुन्हा मुंबईला न्याल? तो म्हणाला, नाही, आपण इथेच राहायचं. मग तिने विचारलं, खूप दुखेल का?

"मी बोललो, सिस्टरनी सांगितलंय, दुखू देणार नाही."

तो माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं.

त्यानंतर घर बदललं. दुःख कमी झालं असं नाही. वैशाली आता पोरीसमोर रडायची आणि पोर तिला रडू द्यायची. रात्री तिघं एकाच खोलीत झोपू लागली. दुर्वाने आपल्या वस्तूंची वाटणी सांगितली. रंगपेटी शेजारच्या मैत्रिणीला, सायकल मामाच्या मुलीला, दप्तर कुणालाही नको. आजोबांनी ही यादी ऐकली आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत. तिने त्यांना समोर बसवून स्वतःच्या हाताने दोन घास भरवले.

इंग्रजीचा पेपर झाला. परिसर अभ्यासाचा अर्धाच झाला, कारण मध्येच श्वास चढला. सरांनी उत्तरपत्रिकेवर वेळ लिहिली आणि तिथपर्यंतचा पेपर बांधून घेतला.

आता ते लिहिते जे टाळत आले. परीक्षेनंतरच्या आठवड्यात एका दुपारी मी उल्हासनगरला दुसऱ्या एका बाळाच्या घरी होते. त्या बाळाला झटके येत होते. माझा फोन पिशवीत, आवाज बंद. बाहेर येऊन पाहिलं तर वैशालीचे अकरा फोन. संतोष कामावर, आजोबा औषधाच्या दुकानात बदलापूरला गेलेले. दुर्वाच्या पाठीत एकाएकी भयंकर कळ आली होती. जादा डोस घरात होता. तो कधी द्यायचा हे मी वैशालीला तोंडी सांगितलं होतं, पण लिहून ठेवलं नव्हतं, आणि त्या घाईत तिला भीती वाटली की चुकलं तर? तिने दिलाच नाही. कल्याण रस्त्यावरच्या गर्दीतून मला पोहोचायला दोन तास लागले. मी आत शिरले तेव्हा दुर्वाने उशीचं टोक दातांत धरलं होतं. औषध दिलं, अर्ध्या तासाने दात सैल झाले. मी तिची माफी मागितली.  बऱ्याच वेळाने, डोळे मिटूनच ती म्हणाली, "आज नऊ होतं."

तेव्हापासून मी ज्या घरात जाते तिथे पहिल्याच दिवशी मोठ्या अक्षरांत कागद लिहून भिंतीला चिकटवते. काय झालं तर काय द्यायचं, किती वेळाने पुन्हा द्यायचं, मी नसेन तर कुणाला फोन करायचा. नव्या मुली माझ्याबरोबर शिकायला येतात, त्या म्हणतात, मॅडम, एवढं ठळक कशाला. मी त्यांना सांगत नाही. ते दोन तास माझे आहेत.

गायकर सर तपासलेले पेपर घेऊन आले तेव्हा दुर्वा बहुतेक वेळ झोपूनच असे. पण पेपर म्हटल्यावर तिने डोळे उघडले. मराठीत चाळीसपैकी एकतीस. म्हैसमधला 'स' चार ठिकाणी 'श' झाला होता, त्याचा अर्धा गुण कापलेला. इंग्रजीत बावीस. परिसरमध्ये अर्ध्या पेपराचे चौदा. गणितात अठरा. वैशालीचा चेहरा पडला. तिला वाटलं असणार, आता तरी दोन मार्क जास्त द्यायचे. दुर्वाने गणिताचा पेपर जवळ घेतला. सात आठे चोपन्नच्या उदाहरणाला लाल रेघ होती. ती त्याच्याकडे बघत राहिली, ओठ हलले, हिशेब केला.

"सर, उत्तर चुकलं. पण पायरी बरोबर आहे ना?"

सरांनी पेपर घेतला. खिडकीपाशी जाऊन उजेडात पाहिला, शाळेत बघतात तसा, कपाळाला आठ्या घालून. मग खिशातून लाल पेन काढलं आणि म्हणाले, बरोबर आहे, पायरीचा एक गुण राहिला होता, माझी चूक. अठराचे एकोणीस झाले. दुर्वा हसली. मी तिचं तसं हसणं त्याआधी पाहिलं नव्हतं. सरांनी प्रगतिपुस्तक पुढे केलं, त्यावर पालकांची सही लागते. संतोषने हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, सगळे आकडे एकेक करून वाचले आणि सही केली. गणितात अजून लक्ष दे, असं तो सवयीने बोलून गेला आणि मग स्वतःच थबकला. पण ती म्हणाली, हो बाबा.

दिवाळीच्या चार दिवस आधी, सकाळी, दुर्वा गेली. आदल्या दिवसापासून ती बोलत नव्हती, श्वास लांब लांब पडत होते. दुखत नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगू शकते. वैशाली तिच्या मागे बसून तिला छातीशी टेकवून घेऊन होती. संतोष पायाशी. बाहेर शेवटचे भारे खळ्यात येत होते. श्वास थांबला. दहा वाजता गजर वाजला आणि आजोबा हात धुऊन, बाटली आणि माप घेऊन दारात आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग वळले आणि बाटली फळीवर जिथल्या तिथे ठेवून दिली.

एखाद्या घरी माणूस गेलं की आमचं काम कागदावर संपतं. मी तरीही जात राहिले. पहिल्या वर्षी वारंवार, मग सणासुदीला. आजोबा मागच्या पावसाळ्यात गेले. गायकर सर निवृत्त झाले. त्यांनी मला एकदा सांगितलं की हजेरीपटावर दुर्वाच्या नावापुढचे रकाने वर्षअखेरपर्यंत त्यांनी कोरे ठेवले, नाव कमी करण्याचा कागद शेवटच्या दिवशी पाठवला. नोकरीत केलेली तेवढी एकच बेशिस्त, असं म्हणाले.

ती असती तर यंदा आठवीत असती. हा हिशेब मी करू नये असं ठरवते आणि दर आश्विनात करते.

या वर्षी गेले तेव्हा संतोष शेतात होता. आता शेत तोच बघतो, सुट्टी काढून कापणी करतो. वैशाली माहेरी गेली होती. मी बांधावर बसले. त्याने विळा बाजूला ठेवला, खाली बसून बाटलीतलं पाणी प्यायला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिला. पाऊस लांबला, मजूर मिळत नाहीत, डुकरांनी गरवं भात लोळवलं. मग बोलता बोलता थांबला. म्हणाला, सिस्टर, त्या रविवारचं मी तुम्हाला सगळं नव्हतं सांगितलं.

त्या सकाळी, तो 'नाही, बाळा' म्हणाला तेव्हा दुर्वा त्याला म्हणाली होती की मला माहीत आहे. जूनपासूनच माहीत आहे. मुंबईत डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं, त्यानंतर तो तिला म्हणाला की मी चहा घेऊन येतो, आणि बऱ्याच वेळाने तोंड धुऊन, चहा न घेताच परत आला. तेव्हाच तिला कळलं. तिने तेव्हा विचारलं नाही, कारण बाबांना सांगायला जमणार नाही असं तिला वाटलं. तुला मग भीती नाही वाटली का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, वाटायची, पण तुम्ही दोघं झोपल्यावर.

संतोष हे सांगताना समोर भाताकडे बघत होता.

"चार महिने, सिस्टर. एका घरात होतो आम्ही. आणि पोरीला मी एकटं ठेवलं."

इतक्या वर्षांत मी अशा बापांना सांगायची पुष्कळ वाक्यं शिकले आहे. तुम्ही प्रेमानेच केलंत. शेवटी तुम्ही सांगितलंत. ती तुमच्याजवळ होती. सगळी खरी आहेत.  मी बांधावरून उतरले, त्याच्या शेजारी खाचरात बसले. ऊन चढत होतं. थोड्या वेळाने त्याने विळा उचलला आणि वाकला. मी त्याच्या मागून चालत, कापलेल्या पेंढ्या उचलून एका बाजूला लावत राहिले, खाचर संपेपर्यंत.